शेवग्याचा ढीग

आईच्या गुडघ्यांना गीझरचं पाणी चालत नाही. मागच्या न्हाणीतल्या तांब्याच्या बंबात तापलेलं पाणीच ठणका ओढतं, असं तिचं म्हणणं. बंबाला लाकूड लागतं आणि घोडं तिथेच अडतं. निर्मळच्या आमच्या वाडीतली चिंच कधीच गेली. नारळ व्यापारी सोडणासकट उचलतो, जाळायला सालपटही मागे राहत नाही. उरले शेवगा आणि पांगारा. कोयता लागला की काकडीसारखे चिरतात, तरी मी घाम मात्र सागवान तोडल्यासारखा पुसतो.

पावसाआधीच्या वाऱ्यात दोन्ही झाडं आडवी झाली, तेव्हा आईने बजावलं होतं : मऊ लाकूड आहे, साल काढ, बारीक चीर, पडवीत उभं ठेव, वारा लागू दे. मी ऐकलं, म्हणजे कानांनी. जाड ओंडके घट्ट रचले, वर निळी ताडपत्री गच्च आवळली आणि ढिगाचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

थंडी पडली, ताडपत्री सोडली. वर भूछत्रं, खाली भिजलेल्या पावासारखं लाकूड. मग चंदनसारला बांधकामावरच्या जुन्या फळ्या मिळाल्या, तर त्यांना लागलेल्या तेलाचा वास आईने फाटकातच ओळखला. स्कूटरवरून उतरवूसुद्धा दिल्या नाहीत.

रविवारी ती खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीबाहेर बसली. मी फुंकणी घेऊन बंबापुढे. शेवगा पेटायचा, सूं करायचा, विझायचा. पाणी गारच. डोळ्यांतून मात्र धारा. आई नुसती गुडघा चोळत होती आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. शेवटी बायकोने मला चहाला म्हणून आत पाठवलं.

परत आलो तर पाणी कढत. आईची आंघोळ झाली. बाहेर येऊन तिने आधी बंबाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"गीझरचं होतं ना गं?"

बायको दोरीवरचे कपडे काढायला लागली. वाळलेले नव्हते तरी.

"आणि धूर सगळा या शहाण्याच्या सदऱ्यात," आई म्हणाली.

मी विचारलं, गुडघा कसा आहे?

"आहे तसाच. कोयता आण."

तेव्हापासून मी पडवीत पांगाऱ्याच्या बुंध्याला फुटलेल्या नव्या फांद्या सोलून चिरतोय. आई खुर्चीत बसून एकेक ढलपी पुरेशी बारीक झाली का ते हातात तोलून पाहते आणि बाजूला ठेवते. बाजूला म्हणजे नापास.