काकांचं ग्रीक नाणं
चांदी घासायच्या पावडरीचा वास आला की मला अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधली एक दुपार आठवते. बाहेर गुडघाभर बर्फ साचला होता. शेजारचे रिटायर्ड डॉक्टर काका मला डायनिंग टेबलावर आपली जुनी नाणी दाखवत होते आणि काकू बाजूला बसून देवाची भांडी घासत होत्या. काकांनी त्यांचं सगळ्यात लाडकं, नखाएवढं चांदीचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला ग्रीक राजा, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी या भारतातल्या जुन्या लिपीतली अक्षरं. “एवढ्या लांबून आपल्याकडे आला आणि नाव आपल्या लिपीत लिहून घेतलं बघ,” काका कौतुकाने म्हणाले. तेवढ्यात माझ्या मांडीवरच्या दहा महिन्यांच्या मुलीने झडप घालून ते तोंडात टाकलं. तिचा आवाजच बंद झाला, ओठ निळे पडायला लागले. मी किंचाळले. काकांनी तिला खेचून घेतलं, हातावर पालथं धरलं आणि पाठीवर जोरात थापा मारल्या. नाणं उडालं, घरंगळत फ्रिजखाली गेलं, आणि ती भोकाड पसरून रडली. “अहो, तुमचं नाणं!” काकू म्हणाल्या. “राहू दे गं. दोन हजार वर्षं टिकलंय, त्याला काय होतंय!” असं म्हणून काका तिला खांद्यावर घेऊन अंधार पडेपर्यंत घरभर फिरत राहिले. माझ्याकडे देईचनात. आता काका नाहीत. मुलगी कॉलेजात आहे. सुट्टीत घरी आली की विचारते, “आई, मी खरंच एका किंगला गिळत होते?” मी हसते, पण हात आपोआप तिच्या पाठीवर जातो.