ट्विन टू, आमची धाकटी

माझी धाकटी मुलगी आजच्याच तारखेला गेली.
तिचं नाव विचारू नका. बारशापर्यंत ती राहिलीच नाही.

अन्वीला तुम्ही सगळे ओळखता. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सायकल घेऊन लोकांच्या अंगावर जाणारी, पहिलीतली. ती थोरली. दोघी जुळ्या.

नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये आमची आयव्हीएफची ती तिसरी खेप होती.
डॉक्टर म्हणाल्या, "दोन्ही एम्ब्रियो छान आहेत. पण गर्भाशयात एकच ठेवू, दुसरा फ्रीझ करू. जुळी बाळं फार लवकर जन्मायची भीती असते. आता जगभर एकच ठेवण्याकडे कल आहे."

मी म्हणालो, "जगाचं काय जातंय, मॅडम? दोन्ही ठेवा. एक तरी राहील."

माझी बायको मनीषा गप्प होती. दमलेली होती ती. मी तो होकार समजलो.

सातव्या महिन्यातच दोघी आल्या. एनआयसीयूत त्यांच्या काचेच्या पेट्यांवर नावाच्या जागी नुसतं ट्विन वन, ट्विन टू.
ट्विन टू माझी करंगळी घट्ट धरायची. तेवढाच आमचा सहवास.

ती गेल्यावर आई म्हणाली, "एवढ्याशा जिवाचे दिवस करत नाहीत रे."
म्हणून दहावं नाही, भिंतीवर फोटो नाही. अन्वी घरी आल्यावर लोकांनी पेढे मागितले. मी हसत हसत वाटले. त्याची लाज अजून वाटते.

काल ऑफिसातल्या सागरचा कळव्याहून फोन आला.
"दादा, आमचे डॉक्टर एकच ठेवू म्हणतायत. तुम्ही दोन ठेवलेले ना? मस्त झालं ना सगळं?"

इतकी वर्षं या प्रश्नाला मी "एकदम मस्त" म्हणत आलोय.
काल जीभ रेटेना.

"सागर, मला दोन मुली झाल्या. एक गेली. तू डॉक्टरांचं ऐक."

तो म्हणाला, "दादा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

फोन ठेवला तर मनीषा दारात उभी. वाटलं, आता चिडणार.
ती म्हणाली, "मी रोज बोलते रे तिच्याशी. तू आज सुरुवात केलीस."

मी ऐकलं असतं, तर ती फ्रीझरमध्ये थांबली असती. कदाचित आता बालवाडीत जात असती. मनीषा म्हणते, असं काही नसतं. माझ्या डोक्यातून जात नाही.

बाळा, बाबांना घाई झालेली गं. माफ कर.
फार उशिरा वाहतोय, पण ही श्रद्धांजली तुझ्या बाबांची.