बाबांच्या हातून आज टायर बसला नाही

मंडळी, सकाळपासून मनातून जातच नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

जळगाव जामोदला आमचं सायकलचं दुकान आहे. बाबा आयुष्यभर नुसत्या अंगठ्यांनी टायर रिमवर चढवत आले. मागच्या वर्षी लकवा झाला आणि उजव्या हातातला जोर गेला. म्हणून मी घट्ट टायर बसवायचं एक अवजार ऑनलाइन मागवलं. चिमट्यासारखं असतं. एक टोक रिमला टेकवायचं आणि दुसऱ्यानं टायर ओढून घ्यायचा. व्हिडिओत किती सोपं वाटलं होतं!

आज अंगणवाडीच्या ताई नवा टायर टाकायला आल्या. बाबांनी अवजार लावलं. शेवटचा चार बोटांचा भाग तेवढा राहिला, पण तिथे त्यांची मूठ आवळेचना. तीनदा अवजार निसटलं. चौथ्यांदा ट्यूब चिमटून फाटली.

"मी दाबू का बाबा?"

"नको. हत्यार चांगलं हाये बाई, हातातच जीव नाही राह्यला." मग खाली बघतच ते ताईंना म्हणाले, "दुसऱ्या दुकानात न्या ताई. माह्यानं नाही होत आता."

ताई सायकल ढकलत गेल्या. बाबा हात पुसत बसले, स्वच्छ झाले तरी पुसतच राहिले. दुपारी जेवलेही नाहीत.

हात यापेक्षा सुधारणार नाही, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. मला ते बाबांना सांगवलं नाही. मी अवजार आणून दिलं, आणि त्यांना हाताचं ते असं गिऱ्हाइकासमोर कळलं.

तुमच्या घरी अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय बोललात?