पिठाची गोष्ट आणि कांबळे बाई

आमच्या शाळेतली पोरं कांबळे बाईंना मागनं 'कशावरून बाई' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. इतिहासाच्या तासाला एखादं पोरगं उभं राहून घडाघडा सांगायला लागलं, की अमक्या सरदारानं एकट्यानं शंभर माणसं लोळवली, तर बाई खडू खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "कशावरून?" पोरगं म्हणायचं, "पुस्तकात हाय, बाई." "आणि पुस्तकवाला तिथं मोजत बसला होता व्हय?" वर्ग खदखदून हसायचा. बाई मात्र हसायच्या नाहीत. ते पोरगं डोकं खाजवून काहीतरी उत्तर देईपर्यंत तास पुढं सरकत नसे.

नव्वदच्या सुरुवातीला मी बी.एड. करून मंगळवार पेठेतल्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागले. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक रिकामी खुर्ची दिसली, बसले. दारातून एक बुटकी, काळीसावळी, पांढऱ्या पातळातली बाई आली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिली. मी घाईघाईनं म्हटलं, "मी पाटील. कागलकडची." "पाटील हाय ते दिसतंयच की," त्या म्हणाल्या, "खुर्ची कुणाची हाय ते न विचारता बसलीस." मी ताडकन उठले. बाईंनी मला खांद्याला धरून परत बसवलं आणि स्वतः खिडकीत टेकल्या. त्या दिवसापासून मी त्यांची 'पाटलीण' झाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

बाई मलकापूरच्या पलीकडच्या एका वाडीतल्या. बाप रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. घरातल्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती आणि पोरीनं शिकायचंच, एवढं बापानं मनाशी पक्कं केलं होतं. त्यानं तिला खांद्यावर घेऊन कोल्हापुरात आमच्या संस्थापकांच्या बोर्डिंगात आणून सोडलं. संस्थापकांना सगळे 'गुरुजी' म्हणत. मी आले तेव्हा गुरुजींना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. त्या माणसानं गावोगाव हिंडून धान्य मागितलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, हे खरंच आहे. बाईंचा हात धरून पहिलं अक्षर त्यांनी गिरवून घेतलं, हेही खरं. बाईंच्या घरात बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीशेजारी तिसरी तसबीर गुरुजींची होती.

दर वर्षी संस्थापक दिनाला आमच्याकडं गुरुजींचा 'परिचय' वाचला जायचा. दोन पानांचा छापील कागद, संस्थेच्या सगळ्या शाखांत त्याच दिवशी, शब्द न बदलता वाचायचा. आमच्या शाळेत तो कांबळे बाई वाचत. त्यात एक गोष्ट होती. बोर्डिंगातल्या एका स्वयंपाकिणीनं दोन शेर पीठ पदराआड चोरलं. लोक म्हणाले, पोलिसात द्या. गुरुजी म्हणाले, भूक चोरी करते, माणूस नव्हे. त्यांनी तिला माफ केलं आणि पायलीभर जोंधळे देऊन घरी पाठवलं. ही गोष्ट आली की बाईंचा आवाज असा काही ओला व्हायचा, की मागच्या रांगेतले दांडगे पोरगेही माना खाली घालायचे. मी स्वतः दोनदा रडले आहे.

मग संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिका काढायची ठरली. जुन्या विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या आणि पत्रं निवडायचं काम बाईंकडं दिलं, मदतीला मी. पन्नास-साठ पत्रं आली. सगळीकडं गुरुजी म्हणजे माउली, गुरुजी म्हणजे वटवृक्ष. बाई कंटाळून म्हणायच्या, "अगं, ह्यातल्या एकानं तरी सांगावं, ते तंबाखू खायचे म्हणून!" तेवढ्यात शिरोळहून एक अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर शाळकरी मुलीचं, सांगणारी म्हातारी. मी मोठ्यानं वाचायला लागले.

त्यात लिहिलं होतं: 'माझी नात तुमच्या शिरोळच्या शाळेत हाय. तिनं भाषणाच्या स्पर्धेसाठी गुरुजींची गोष्ट पाठ केली आन् माझ्याच चुलीम्होरं म्हणून दावली. ती पीठचोर मी. तिला म्हाईत न्हवतं. मी पीठ चोरलं न्हाय. गुरुजींनी मला खोलीत बोलावून माझा हात धरला. मी हिसका मारून चुलीकडं आले आन् जळतं लाकूड उगारलं. दुसऱ्या दिशी मी चोर झाले. सोनाबाई.'

बाईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं, परत वाचलं. मग म्हणाल्या, "अठरा वर्षं, पाटलीण. अठरा वर्षं मी ह्या तोंडानं तिला चोर म्हणतोय. पोरांना उठता-बसता विचारतोय, कशावरून, कशावरून. आणि हे एक कधी विचारलं न्हाय." रागानं बोलताना बाई अशाच आपल्या वाडीतल्यासारख्या बोलायच्या.

रविवारी आम्ही एस.टी.नं शिरोळला गेलो. सोनाबाई सत्तरीच्या आसपासची, ताठ कण्याची. विसाव्या वर्षी नवरा गेला म्हणून ती बोर्डिंगात भाकऱ्या थापायला राहिली होती आणि दुपारी पोरींच्या वर्गामागं बसून अक्षरं शिकत होती. मला वाटलं, बाई तिच्या पाया पडतील, रडतील. छे! बाईंनी वही काढली. खोली कुठल्या बाजूला होती? चुली किती? तुझ्याबरोबर कोण असायचं? म्हातारीनं सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी चिडून म्हणाली, "ह्ये तुमी चोराला इचारायलाय का मला?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला चोर म्हणताना कुणी काही विचारलं नव्हतं, मावशी. म्हणून आता सगळं विचारते." मग म्हातारी शांत झाली. तिच्या जोडीला भाकऱ्या करणारी एक बाई अजून हयात होती. कांबळे बाई तिलाही शोधून भेटल्या. ती एवढंच म्हणाली, "मला बी बोलावलं हुतं. मी गप ऱ्हायले, म्हणून माझी नोकरी ऱ्हायली."

निघताना बाईंनी सोनाबाईंना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? ती म्हणाली, "गुरुजीचा फोटू खाली उतरवा म्हणत न्हाय. त्येच्यापाय पोरं शिकली, तुमी शिकला. पर त्या कागदातली चोरी काढा. काय झालं ते लिवा. आन् माझं नाव घाला. त्येचं नाव गेटावर एवढं थोरलं लिवलंय, आन् मी नुसती 'एक स्वयंपाकीण' व्हय?"

बाईंनी तो मजकूर तयार केला. चार ओळी. संस्थेच्या बैठकीत त्या पत्रासकट पुढं ठेवल्या. मी शेजारी बसले होते, म्हणून शब्द न शब्द आठवतो. चेअरमन म्हणाले, "बाई, देवासारख्या माणसावर शिंतोडे? मेलेल्या माणसाला उत्तर द्यायला तोंड नसतं." बाई म्हणाल्या, "जित्या बाईला होतं की. तेव्हा कोण ऐकत होतं?" कुणीतरी म्हणालं, पुरावा काय? "पीठचोरीचा काय होता? छापताना मागितला होता का कुणी?" मग चेअरमननी शेवटचं काढलं. "गुरुजी होते म्हणून तुम्ही लोक शिकलात, हे विसरू नका." 'तुम्ही लोक' म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं होतं. बाई उठून उभ्या राहिल्या. "गुरुजींनी दार उघडलं, त्याचे उपकार मी मरेपर्यंत मानीन. अभ्यास मी केला. आणि त्याच दारातून त्यांनी एका बाईला चोर म्हणून बाहेर घातलं, तेही मीच सांगणार. मी इतिहास शिकवते साहेब, आरती नाही म्हणत." मी त्या बैठकीत एक शब्द बोलले नाही. माझी कायम नेमणूक व्हायची होती.

पत्र स्मरणिकेत आलं नाही, हे सांगायला नकोच. पण आमच्या संस्थेनं त्याहून मोठा शहाणपणा केला. आमच्याकडं कुणाचंही तोंड बंद करायचं तर एकच औषध, सत्कार! शाल, नारळ, साडीचोळी. चेअरमननी ठरवलं, म्हातारीला मुख्य कार्यक्रमात स्टेजवर बोलवायचं, गुरुजींनी जिला माफ केलं तिच्याच हातून त्यांच्या तसबिरीला हार घालायचा. बाईंनी ऐकलं आणि पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "सत्कारानं तोंड बंद होतं असं त्यांना वाटतं," म्हणाल्या, "कारण त्यांचं होतं."

सूत्रसंचालन बाईंकडंच होतं. हॉल भरलेला, पुढच्या रांगेत फेटेवाले पाहुणे. सोनाबाईंच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि शिपायानं तिच्यापुढं हार धरला. तिनं नारळ खाली ठेवला. "हार नगं. मला बोलायचंय." चेअरमननी बँडवाल्याला खूण केली. बाई माईक घेऊन सोनाबाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी बँडवाल्याकडं असं बघितलं, की त्यानं क्लॅरिनेट मांडीवर ठेवला. त्यानं आमच्याच शाळेतून दहावी केली होती. सोनाबाई पत्रातलंच बोलली, त्याच क्रमानं, आवाज न चढवता. शेवटी म्हणाली, "माझं नाव सोनाबाई. एवढंच." आणि शाल घडी करून खुर्चीवर ठेवून जिना उतरली.

मग जो गोंधळ झाला, विचारू नका. कुणी ओरडलं, "विकत आणलेली बाई!" कुणी उठून गेलं. मागच्या बाजूला चार-पाच म्हाताऱ्या माजी विद्यार्थिनी खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांतली एकही 'खोटं आहे' म्हणाली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

बाई हेडमिस्ट्रेस व्हायच्या होत्या, ते गेलं. त्यांची बदली मलकापूरकडच्या एका शाखेत झाली. मी सोडायला स्टँडवर गेले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बाई खिडकीतून म्हणाल्या, "रडतीस कशाला? माहेरी चाललोय. काय करत्यात करू देत की!"

पुढच्या संस्थापक दिनाला परिचय वाचायचं काम माझ्याकडं आलं. आणि मी वाचला. जसाच्या तसा, पिठासकट. नेमणूक कायम झाली होती, तरी वाचला. सुट्टीत बाई कोल्हापुरातल्या घरी आल्याचं कळलं म्हणून भेटायला गेले. भिंतीवर तिन्ही तसबिरी तिथंच होत्या. बाईंनी चहा दिला, बशी पुढं केली आणि सहज विचारलं, "किती शेर वाचलंस गं? दोनच ना? वाढलं न्हाय ना पीठ?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्याच्या पुढच्या वर्षी मी ती गोष्ट गाळली. माना डोलावणाऱ्यांना काही कळलंही नाही. मोठ्या तोऱ्यात बाईंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, "वा! म्हणजे आता ती चोर बी न्हाय आणि कोणच न्हाय. आधी निदान पीठ तरी होतं तिच्या नावावर."

तरीही मी पुढची चौदा वर्षं गाळतच राहिले. भित्रेपणाला आपण किती सोयीची नावं देतो! मी म्हणायचे, वेळ येऊ दे, वातावरण निवळू दे, हेडमिस्ट्रेस झाले की बघू. झाले हेडमिस्ट्रेस. तरी गाळत राहिले. बाई दर वर्षी संस्थेला तोच अर्ज पाठवत, त्याच चार ओळी, सुवाच्य अक्षरात. दर वर्षी उत्तर यायचं नाही. निवृत्त झाल्यावरही पाठवत.

त्यांना पोटाचा कॅन्सर झाला. शेवटी भेटायला गेले तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या होत्या, जीभ मात्र तशीच. मी म्हटलं, "बाई, गुरुजींना माफ केलंत का हो तुम्ही?" त्या चिडल्या. "माफ करणारी मी कोण? माझा हात धरला न्हवता त्यांनी. मला अक्षर दिलं त्यांनी. माझं देणं मी मानतोय, तिचं देणं ते लागतात. माझ्या मानण्यानं तिचं फिटतंय व्हय?" दम लागला म्हणून थांबल्या. मग म्हणाल्या, "यंदाचा अर्ज लिहायला हात चालंना, पाटलीण." मी म्हटलं, मी लिहिते. त्यांनी मान हलवली. "अर्ज लई झाले."

आठवड्यानं बाई गेल्या. संस्थेनं शोकसभा घेतली, चेअरमननी त्यांना 'गुरुजींची मानसकन्या' म्हटलं. मी दात ओठ खात बसून राहिले.

त्या वर्षीचा संस्थापक दिन बाईंच्या माघारी महिन्याभरानं आला. मी कागद घेऊन उभी राहिले. गुरुजींनी गावोगाव धान्य मागितलं ते वाचलं, पंगत वाचली. मग म्हटलं, "बोर्डिंगात सोनाबाई नावाच्या एक बाई भाकऱ्या करत. त्यांनी पीठ चोरलं नव्हतं. गुरुजींनी त्यांचा हात धरला, त्यांनी विरोध केला, म्हणून त्यांना चोर ठरवून काढलं. हे सोनाबाईंनी स्वतः सांगितलं आहे, आणि वर्षानुवर्षं आम्ही या शाळेतून त्यांची बदनामी केली, याचा शोध इथल्या शिक्षिका वत्सला कांबळे यांनी घेतला." पुढचा परिच्छेदही वाचला, ज्यात गुरुजींनी मुलींचं बोर्डिंग काढलं. कागदाची घडी घातली आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या नाहीत. नववीच्या रांगेतून एका पोरीचा आवाज आला, "मग त्या बाईचं पुढं काय झालं?" तिला मी उद्या तासाला सांगते म्हटलं.

चौथ्या दिवशी संस्थेची नोटीस आली. परवानगीशिवाय संस्थापकांच्या अधिकृत परिचयाच्या मजकुरात बदल का केलात, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत करावा. मी तीन दिवस घेतले नाहीत. शिपाई दारात उभा असतानाच लिहिलं: 'मजकुरात बदल मी केलेला नाही. तो पूर्वीच कुणीतरी केला होता. मी दुरुस्त केला, आणि पुढच्या वर्षीही असाच वाचणार आहे.' खाली सही केली, शिपायाच्या हातात कागद दिला आणि नववीच्या तासाला गेले.