एक टीबीची एसएसडी

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या कागदांखाली, एक काळी चपटी डबी आहे. ती तिथे का आहे हे बायकोला ठाऊक नाही, भावाला नाही, कुणालाच नाही. सहा वर्षांत कुणाजवळ बोललो नाही. आज तुम्हाला सांगतोय – का, ते विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही. थकलोय, एवढंच म्हणा.

मी शहाद्याला एका शाळेत कारकून आहे. गाव ब्राह्मणपुरी. तिथे धाकटा भाऊ दिलीप केळी आणि ऊस बघतो. त्याची बायको ज्योत्स्ना, मुलगी प्राची, आणि तेव्हा माय होती. शाळेतल्या कॉम्प्युटरवर माझा हात बसलेला, म्हणून भाऊबंदांत मी 'कॉम्प्युटरवाला' ठरलो होतो. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाचा फॉर्म भरायचा राहिला, की मला फोन. खरं सांगू? मला ते फार आवडायचं. मला सगळं येतं असं नव्हतं, पण येत नाही असं म्हणायची सवयच मोडली होती.

गावातल्या घरी जो कॉम्प्युटर होता तो प्राचीच्या अभ्यासासाठी घेतलेला. पण त्याचा खरा उपयोग केला ज्योत्स्नाने. माय कानबाईची गाणी म्हणायची. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते – नारळाची देवी, तिला नाक-डोळे, नथ, लुगडं. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, बायका रात्रभर गातात आणि सोमवारी देवी नदीवर जाते. मायला जेवढी गाणी यायची तेवढी गावात कुणालाच येत नव्हती. ज्योत्स्ना दुपारी भांडी आटोपली की मायसमोर मोबाइल ठेवून बसायची. एकेक गाणं, मध्ये मायचा खोकला, मध्ये 'थांब, चुकनू' – सगळं भरून घ्यायची, कॉम्प्युटरवर नाव घालून ठेवायची आणि मोबाइलमधलं पुसून टाकायची. तीन वर्षं हे चाललं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग मायला लकवा झाला आणि बोलणं गेलं. गाणी तेवढी कॉम्प्युटरात राहिली.

कॉम्प्युटर फार मंद झाला होता. चालू करून म्हशीला पाणी दाखवून यावं, तरी गोल फिरतच असायचं. मी म्हणालो, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकू, पळेल. कोणती आणायची ते दिलीपने विश्वासाने माझ्यावर सोडलं, "भाऊ, तुले जी वाटी ती लई ये."

शहाद्याच्या दुकानदाराने मला सरळ सल्ला दिला होता. दोनशे छप्पन जीबीची घ्या, नावाजलेल्या कंपनीची, तीन वर्षांची गॅरंटी, घरच्या मशीनला चिक्कार झाली. जास्त जागा हवी असेल तर जुनी हार्ड डिस्क शेजारी राहू द्या, काढू नका. किती साधं होतं! पण कारकुनाने दुकानदाराचं ऐकून जे तो देईल ते आणलं, तर त्यात कॉम्प्युटरवाला कुठे दिसणार? त्याच आठवड्यात कामासाठी सुरतेला गेलो होतो. तिथे रस्त्यावरच्या एका हातगाडीवर एक टीबीची एसएसडी मिळाली – चौपट जागा, आणि दोनशे छप्पनपेक्षाही स्वस्त. नाव कधी न ऐकलेलं. गॅरंटीचा कागद नाही. हातात घेतली तर इतकी हलकी की आत काही आहे का असं वाटावं. मनात पाल चुकचुकली नाही असं म्हणणार नाही. चुकचुकली. मी ती खिशात टाकली.

घरी जाऊन बसवली. सगळं जुन्यावरून नव्यावर उतरवलं, वरची तीन गाणी लावून पाहिली, वाजली. कॉम्प्युटर खरंच पळायला लागला. दिलीप हसला, मायने डाव्या हाताने माझ्या दंडावर थोपटलं. एक टीबी, एक टीबी – मी जेवताना चारदा म्हणालो असेन. आणि जुनी हार्ड डिस्क? ती मी शहाद्याला नेली. पुसली आणि माझ्या फाटकावरच्या कॅमेऱ्याला जोडली. मायच्या गाण्यांच्या जागी माझं फाटक भरायला लागलं. रिकामं फाटक, कधी एखादं कुत्रं.

पुढचा श्रावण आला. देवी आमच्याच घरी बसणार होती. घराला रंग द्यायचा, म्हणून ज्योत्स्नाने तीन दिवस आधी मेन बटण पाडून भिंती धुतल्या. रविवारी दुपारी सगळे जमले. घरातल्या पुरुषांच्या मोजणीने नैवेद्याच्या रोटांचे गहू दळून झाले होते. बायका देवीला नथ घालत होत्या. ठरलं असं होतं की माय गाऊ शकत नाही तर तिचा आवाज स्पीकरवर लावायचा. मायला खुर्चीत आणून बसवलं. मी माऊस हातात घेतला – कॉम्प्युटरवाला ना मी.

गाण्यांची नावं सगळी दिसत होती. एकही उघडेना. पहिलं नाही, दुसरं नाही, पस्तिसावं नाही. मागे तीसेक माणसं उभी. कुणीतरी हसलं, कुणीतरी म्हणालं, काय रे कॉम्प्युटरवाला?

आणि मी विचारलं – मशीन कुणी बंद केलं होतं? मेन बटण कुणी पाडलं?

उत्तर मला माहीत होतं. सकाळीच दिलीप सहज बोलला होता – ज्योत्स्नाने, भिंती धुताना. मी ज्योत्स्नाचं नाव घेतलं आणि मोठ्याने म्हणालो की एसएसडीला असं चालत नसतं, चालू मशीनचा करंट तोडला की आतलं सगळं पुसलं जातं. बायकांना हे कळत नाही.

आता ऐका, माझं पाप नेमकं कुठे आहे ते. मी ज्योत्स्नाचा जेठ, नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे धाकटी सून जेठाशी बोलत नाही. पदर पुढे ओढते, काही सांगायचं असलं तर लेकराकरवी सांगते. अठरा वर्षांत ती माझ्याशी एक वाक्य थेट बोललेली नाही. ती सगळ्यांदेखत उलटून उत्तर देणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तो भांडला असता. मी अशा माणसाचं नाव घेतलं ज्याला माझ्यासमोर तोंड उघडायची सोय नव्हती. घाबरून तोंडून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. तसं नव्हतं. मी निवडून केलं.

ती दाराआड मायला हळू आवाजात सांगत होती, "पहिले मशीन बंद कयं, मंग बटन पाडं." मला स्वच्छ ऐकू आलं. मी आणखी मोठ्याने बोलायला लागलो.

दुसऱ्या दिवशी ती एसएसडीची डबी मी दुरुस्तीच्या नावाने घरी आणली आणि पेचकसाने उघडली. आत मोबाइलमधल्या कार्डाएवढा एक तुकडा गोंदाने चिकटवलेला. बाकी पोकळ. वर एक टीबी लिहिलेलं, आत त्याचा सोळावा हिस्सासुद्धा नव्हता. तेवढी जागा भरली आणि मग प्राचीच्या धड्यांची नवी व्हिडिओ मायच्या गाण्यांवर चढत गेली. नावं राहिली, आतलं गेलं. ज्योत्स्नाच्या बटणाचा काही संबंध नव्हता. त्या क्षणी ब्राह्मणपुरीला फोन करता आला असता. मी पेच परत बसवले.

माय आठ दिवस ज्योत्स्नाच्या हातचा चहा घेत नव्हती. बोलता येत नव्हतं, मग तोंड फिरवायची. पुढे घ्यायला लागली, पण दुपारचं त्या दोघींचं बसणं संपलं. दीड वर्षाने माय गेली – सुनेनेच आपला आवाज पुसला असं समजून गेली. तेराव्याला भाऊबंदांतल्या दोघी-तिघींनी ती गोष्ट पुन्हा काढली. ज्योत्स्ना भांडी विसळत होती. मी तिथेच बसलो होतो.

आणि एक सवय तिला लागली आहे, ती मी पाहतो. मिक्सर बंद करायचा असो, पंखा असो, ती आधी घरात कुणाला तरी विचारते, "बंद करू का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने लावलेला पंखा!

गेल्या महिन्यात प्राचीला कॉलेजसाठी तेव्हापासून बंद पडलेला जुनाच कॉम्प्युटर नीट करून हवा होता. मी ब्राह्मणपुरीला गेलो तेव्हा विचारायला आली, "मोठे बाबा, एसएसडी कोणती घेऊ?" आतून ज्योत्स्नाने तिला हाक मारून काही सांगितलं. पोरगी हसत बाहेर आली. "मम्मी म्हणते, मोठा बाबासले सांग, मन्हा हातथीन बिघडाव नही अशी लई या."

माझ्या हातून बिघडणार नाही अशी. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तिला खरंच तसं वाटतं – आता तिचाही विश्वास बसलाय की ते तिनेच केलं.

मी शहाद्याच्या त्याच दुकानातून दोनशे छप्पन जीबीची आणली, गॅरंटीच्या कागदासकट. बसवली. जुनी हार्ड डिस्क नव्हतीच, शेजारी ठेवायला काही नव्हतं. काम झाल्यावर प्राचीने आईला हाक मारली, ये, बंद करून बघ, सोपं आहे. ज्योत्स्ना दारात आली. पदर पुढे होता, मला चेहरा दिसला नाही, फक्त हात दिसले. ते तिने पाठीमागे घेतले.

तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही तिघंच होतो.

मी बटण माझ्याच हाताने बंद केलं, चहा घेतला – तिनेच केलेला – आणि शहाद्याला परत आलो.