मोजणीचा खुंटा

गाव नवं उपनगर होणार, असा कागद कचेरीच्या फळ्यावर लागला तेव्हा दूधवालीला त्याचं काही वाटलं नाही. चार माणसं वाढतील, दूध जास्त खपेल, एवढाच तिचा विचार. मग मोजणीवाले आले आणि लाल टोकाचे खुंटे ठोकून गेले. त्यातला एक नेमका तिच्या गोठ्याच्या दारात आला. खुंटा दिसला की जनावर बांधायचं, ही जन्माची सवय. तिने त्याला गाय बांधली.

गायीने हिसडा दिला, खुंटा उपटला आणि त्याचा खड्डा खुरांखाली बुजून गेला. दूधवालीने इकडेतिकडे पाहिलं, जरा पलीकडे मऊ माती दिसली तिथे खुंटा दगडाने ठोकला आणि धारा काढायला बसली. नंतर ती ते विसरूनही गेली.

आज मोजणीवाला चुना टाकत आला. रेघ खुंट्यावरून निघाली ती थेट शेजारी, थोरल्या जावेच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला जाऊन भिडली. जाऊ पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"इथून रस्ता? माझ्या चुलीवरून?"

"खुंटा सांगेल तिथून, काकू. मी काय मनाने रेघा मारतो?"

समोरचा शिंपी दारातूनच म्हणाला, "घ्या वहिनी, आता फोडणी देताना हॉर्न वाजवा." कोणी हसलं नाही, तेव्हा तो ओशाळला. "पण खुंट्याला हात लावू नका हं. कागदावर छापलंय, हलवणाऱ्याला तुरुंग."

दूधवाली गोठ्यात शिरली आणि उगाचच धुतलेली किटली पुन्हा धुवायला लागली. खरं बोलावं तर रेघ गोठ्यावर येणार, वर तुरुंग. गाय कुठे बांधायची, गिऱ्हाइकांना काय सांगायचं? गप्प बसावं तर कोणाला कळणारही नव्हतं.

तेवढ्यात जाऊ आत आली. एरवी शब्दाने शब्द वाढवणारी बाई, आज आवाज खाली आला होता.

"तुझ्या गोठ्याला धक्का नाही ना? चला, एक तरी घर वाचलं."

टोमणा असता तर दूधवालीने परतवला असता. हे तिला सोसेना.

"खुंटा मी हलवला," ती म्हणाली. "गायीने उपटला, मी भलतीकडे ठोकला. तो इथे होता, माझ्या दारात."

"खुंट्याला गाय बांधलीस? सरकारच्या?"

"हो."

"आणि आता हे त्याला सांगणार?"

दूधवालीने मान डोलावली. हातातली किटली मात्र खाली ठेवेना. शेवटी जावेनेच तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर आणलं.

मोजणीवाल्याने सगळं ऐकलं, कपाळावर हात मारला आणि चुन्याची रेघ पायाने पुसली. "पुन्हा मोजायला लागेल. उद्या साहेबांना घेऊन येतो. ते काय करतील ते मला विचारू नका."

तो गेल्यावर दूधवाली उंबऱ्यावर बसली.

"उद्या तू तोंड उघडू नकोस," जाऊ शेजारी बसत म्हणाली. "घाबरून काहीबाही बोलशील. मी बोलेन."

"आणि गोठा गेला तर?"

जावेने हातावरचं वाळलेलं पीठ चोळून काढलं. पण ती उठली नाही.