आधी मी खेळून पाहतो

पत्नीच्या व्हिसावर अवलंबून असलेला नवरा या नात्याने मी अमेरिकेतल्या सनीव्हेलमध्ये जी वर्षे काढली, त्या काळात माझ्या हातून उल्लेखनीय असे फारसे काही घडले नाही. नागपूरच्या एका महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवीत असे. इथे मला नोकरी करण्याची परवानगी नव्हती आणि तर्कशास्त्राला मागणीही नव्हती, त्यामुळे कोणाचाच कोणावर अन्याय झाला नाही. मी डबे भरीत असे, अपार्टमेंटच्या लाँड्रीत नाणी घेऊन उभा राहत असे आणि संध्याकाळी कंपनीच्या शटलमधून उतरणाऱ्या पत्नीसाठी चहा टाकीत असे. मात्र एका ऑक्टोबरात, आठवड्याभराच्या आत, मी बरीच माणसे गोळ्या घालून मारली, आणि तीही केवळ एक फोन टाळण्यासाठी. लेखनाला मी फार उशिरा बसलो आहे. सुरुवात स्वानुभवापासून करावी असे म्हणतात, म्हणून हा अनुभव निवडला. दुसरा तितका थरारक अनुभव माझ्यापाशी नाही.

आमची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. अमेरिकेतल्या शाळेतले तिचे पहिले वर्ष वाईट गेले. जेवणाच्या सुट्टीत ती लायब्ररीत बसते, हे मला तिच्या शिक्षिकेकडून कळले. ती स्वतः मात्र "आय लाइक द लायब्ररी" एवढेच म्हणे. दुसऱ्या वर्षी तिला एक मैत्रीण मिळाली. एकच, पण घरी बोलावणारी, फोन करणारी, हिच्याखेरीज जेवायला न बसणारी. त्या मैत्रिणीचा वाढदिवस शनिवारी होता. चार मुलींनी रात्री तिच्याच घरी राहायचे, असा बेत होता.

"आणि आम्ही चौघी मिळून गेम खेळणार आहोत," मुलीने सांगितले. "त्या तिघींना येतो. मला प्रॅक्टिस पाहिजे, बाबा."

पत्नीला ऑफिसच्या सोडतीत लागलेला एक गेम-कन्सोल घरात होताच. त्यावर आजवर मोटारींच्या शर्यतींखेरीज काही खेळले गेले नव्हते. तेव्हा आम्ही दोघे चालत, गेम भाड्याने देणाऱ्या दुकानात गेलो. मुलीने फळीवरून एक डबी उचलली. मुखपृष्ठावर धुरातून येणारा एक सैनिक होता. इतिहासाशी संबंधित काही असावे, असे वाटून मी डबी काउंटरवर ठेवली.

काउंटरवरच्या तरुणाने आधी डबीकडे पाहिले, मग मुलीकडे, मग माझ्याकडे. डबीच्या कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवून त्याने अत्यंत सौजन्याने विचारले, "सर, हा सतरा वर्षांपुढच्यांसाठी आहे. हा हिच्यासाठी घेताय का?"

चौकोनात 'एम' हे अक्षर होते. माझ्या मागे रांग होती. 'हो' म्हटले असते तर मी बेजबाबदार बाप ठरलो असतो. 'नाही' म्हणून डबी परत ठेवली असती, तर चौकोन न वाचणारा बाप ठरलो असतो. दोन्ही पर्याय टाळून मी तिसराच पत्करला.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

त्या तरुणाने माझ्या खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे, तिच्यातून डोकावणाऱ्या कोथिंबिरीकडे पाहिले आणि डबी पुढे केली.

बाहेर येताच मुलगी म्हणाली, "बाबा, यू लाइड!"

"मुळीच नाही. तो आता माझ्यासाठीच आहे. न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नये, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलोय. आधी मी खेळून पाहतो. मग ठरवू तू खेळायचं की नाही."

"आणि शनिवारचं?"

"तेही तेव्हाच ठरवू."

संध्याकाळी पत्नीने हा सगळा वृत्तान्त ऐकला आणि बूट काढता काढताच निकाल दिला. "अहो, त्यात खेळून काय बघायचं? तिच्या आईला सरळ फोन करा. मुली काय खेळणार आहेत, विचारा. दोन मिनिटांचं काम."

माझे फोनवरचे इंग्रजी हा आमच्या घरातला नाजूक विषय होता. ते इतके शुद्ध आहे की पलीकडच्या माणसाला कोणीतरी काही विकायला फोन केला आहे असे वाटते, आणि तो आभार मानून फोन ठेवून देतो. दंतवैद्याच्या कचेरीत असे दोनदा झाले होते. एकदा तर मला खरोखर दाढदुखी असताना.

"तुम्ही नाही करणार तर मी करते," पत्नी म्हणाली.

"नो!" मुलगी इतकी ओरडली, की आम्ही दोघेही दचकलो. "कोणीच फोन करायचा नाही. त्यांना वाटेल मी बेबी आहे. परत मला बोलावणारच नाहीत. मग मी परत..." ती थांबली. लायब्ररीचे नाव तिने घेतले नाही; आम्ही तिघांनीही ते ऐकले.

अशा रीतीने मी खेळायला बसलो. एका स्त्रीला फोन करण्यापेक्षा शत्रूच्या बंदरात एकट्याने उतरणे मला सुरक्षित वाटले, हे मान्य केले पाहिजे.

खेळाच्या त्या पकडीवर, म्हणजे कंट्रोलरवर, 'स्टिक' नावाच्या दोन छोट्या दांड्या असतात आणि त्यांना दोन अंगठे लागतात. एका अंगठ्याने चालायचे आणि दुसऱ्याने पाहायचे. चालणे आणि पाहणे या क्रिया मी जन्मभर एकत्र करीत आलो होतो. त्या वेगळ्या केल्याबरोबर मला दोन्ही येईनाशा झाल्या. पहिली संध्याकाळ मी एका खोलीच्या छताकडे बघत, पाठीने भिंतीला धडका देत घालवली. दुसऱ्या संध्याकाळी खोलीबाहेर पडलो आणि धक्क्यावरून समुद्रात पडून मेलो. शत्रूला अद्याप माझा पत्ताही लागला नव्हता.

सोडवणूक करणारी व्यक्ती घरातच होती, पण तिला पडदा पाहण्याची मनाई होती. शेवटी असा तोडगा निघाला, की मुलीने जेवणाच्या टेबलाशी फ्रिजकडे तोंड करून बसायचे, गृहपाठ करायचा आणि मला तोंडी मार्गदर्शन करायचे. या व्यवस्थेत काही विसंगती आहे असे मला तेव्हा वाटले नाही. तर्कशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मी किती उपयोगाचा होतो, याचा यावरून अंदाज यावा.

"काय दिसतंय, बाबा?"

"भिंत."

"राइट स्टिक. हळू!"

"आता आकाश दिसतंय. छान काढलंय."

"खाली बघ! कोण आहे समोर?"

"एक गृहस्थ आहेत. पाठमोरे."

"शूट हिम!"

"अगं, पण त्यांचं लक्ष नाहीये."

"म्हणूनच! बाबा, तो गार्ड आहे, तो वळला की..."

"वळले."

"मेलास ना?"

"हो."

तिने पेन्सिल टेबलावर आपटली. स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "अहो, निदान एकाला तरी मारा. मला कुकर लावून किती वेळ झाला!"

पुढच्या वेळी मी त्या पाठमोऱ्या गृहस्थांना मारले. मारण्यापूर्वी "सॉरी" म्हणालो. पडद्यावर थोडे लाल उडाले आणि ते खाली बसल्यासारखे पडले. डबीच्या मागे बारीक अक्षरांत जे लिहिले होते, ते खरे होते म्हणायचे. बारा वर्षांच्या मुलीला हे दाखवू नये, हे माझे मत त्याच क्षणी पक्के झाले आणि मी समाधानाने पुढे चाललो.

"आता जिना येईल," फ्रिजकडे बघत मुलगी म्हणाली. "वर दोघं असतात. एक पिंपाच्या मागे."

मी थांबलो. "तुला कसं माहीत?"

तिची पाठ ताठ झाली. "तिच्या घरी. तिच्या दादाचा आहे तो. मी फक्त बघितलंय."

"फक्त?"

"मोस्टली."

म्हणजे ज्या प्रश्नाचा निर्णय मी घेत होतो, तो माझ्याशिवाय केव्हाच लागून गेला होता. तरीही मी खेळ थांबवला नाही. थांबवला असता तर फोनशिवाय काही उरले नसते. शिवाय जिन्यावर दोघे होते.

गुरुवारपर्यंत माझे अंगठे शहाणे झाले. इतरही काही झाले. भारतीय किराणा दुकानात आट्याच्या पोत्यांमागे कोणी उभे आहे का, हे मी वाकून पाहिले. पार्किंगमध्ये खांबाच्या आडोशाने चाललो. त्या संध्याकाळी जिना, गोदाम, क्रेन असे एकामागून एक पार पडत गेले. मुलीला सूचना द्यायला वेळच मिळेना. एक पहारेकरी पळत सुटला. मी त्याला पळू दिले, नेम धरला आणि अगदी दारात गाठला.

"बाबा," मुलगी म्हणाली.

"थांब गं, दोघं राहिलेत."

"बाबा, तू हसलास."

"मी?"

"आत्ता. तो ओरडला आणि तू हसलास." ती अजूनही फ्रिजकडेच बघत होती. तिला पडद्यावरचे काही दिसत नव्हते. ऐकू मात्र सगळे येत होते. "मंगळवारी तू सॉरी म्हणायचास."

मी टीव्ही बंद केला. उठून लाँड्रीतून आणलेल्या टॉवेलांच्या घड्या केल्या.

वयाचा तो चौकोन माझ्यासारख्यांना निर्धास्तपणे आत सोडतो. सतरा उलटले की माणूस पक्का झाला, अशी त्यामागची कल्पना असावी. मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो, पदव्युत्तर शिक्षण झालेला होतो आणि दोन-तीन संध्याकाळींत हसू लागलो होतो. यावरून, मुलीला मुळीच जाऊ देऊ नये, असा एक निष्कर्ष निघत होता. दुसरीकडे, हसून झाल्यावर मी उठून टॉवेलांच्या घड्या केल्या होत्या, कोणाला काही इजा केली नव्हती. तेव्हा जाऊ द्यायला हरकत नाही, असाही निष्कर्ष निघत होता. दोन्ही युक्तिवाद निर्दोष होते. निर्दोष युक्तिवाद खरा असतोच असे नाही, हे मी वर्गात फार आत्मविश्वासाने सांगत असे.

"मग?" मुलीने विचारले. "जाऊ ना मी?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी फोन करतो."

ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, ते जास्त कठीण होते.

शुक्रवारी दुपारी, ती शाळेतून आल्यावर, तिच्यासमोरच मी फोन लावला. तिच्या पाठीमागे काही करायचे नाही, एवढे तरी पाळावे असे वाटले. मैत्रिणीच्या आईने फोन ठेवला नाही. गेम तिच्या थोरल्या मुलाचा होता. मुली तो खेळतीलही, ती म्हणाली. आपण कधी नीटसा पाहिला नाही. मग तिने विचारले, "फार वाईट आहे का हो?"

"मॅडम," मी म्हणालो, "मी क्रेनपर्यंत पोचलो आहे."

ती खूप मोठ्याने हसली. "मग तुम्हीच या ना शनिवारी! तासभर बसा मुलींबरोबर. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

फोनवर नाही कसे म्हणतात, हे मला येत नव्हते. "अवश्य," मी म्हणालो. "आनंदाने."

फोन ठेवून वळलो, तर मुलगी जमिनीवर बसली होती. "यू आर कमिंग? माझ्या स्लीपओव्हरला?"

नुसता फोन झाला असता तर ती बेबी ठरली असती. आता ती बापाला बरोबर घेऊन जाणार होती. तिला वाचवण्यासाठी मी जे जे केले, ते सगळे तिला परत लायब्ररीच्याच दिशेने नेत होते, हे एखाद्या मंद विद्यार्थ्यालाही दिसले असते.

"मी जातच नाही," ती शांतपणे म्हणाली. "सांग त्यांना, मला ताप आहे."

तिने स्लीपिंग बॅग उचलली आणि कपाटात कोंबू लागली. पिशवी आत जाईना. ती ढकलत राहिली. मी थोडा वेळ पाहिले. मग फोन पुन्हा उचलला, कारण आता घाबरायला वेळ नव्हता.

"मी येणार नाही," मी मैत्रिणीच्या आईला म्हणालो. नमस्कारही करायचा राहिला. "ती एकटीच येईल."

"अच्छा," ती म्हणाली. "मग गेमचं काय करू? बाजूला ठेवू का?"

आठवडाभर ज्या उत्तरासाठी मी माणसे मारीत होतो, ते आता मागितले गेले होते, आणि माझ्याकडे ते तयार नव्हते. कपाटापाशी हालचाल थांबली होती.

"ठेवू नका," मी म्हणालो. "पण दार लावून खेळायला देऊ नका. तुम्हाला त्यांचे आवाज ऐकू येऊ देत. पडदा नाही पाहिलात तरी चालेल."

"हे मला जमेल," ती म्हणाली.

हा निर्णय बरोबर होता की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. पत्नीला रात्री सांगितला, तेव्हा तिने "हं" म्हटले, आणि आमच्या घरात 'हं'चे अनेक अर्थ होत असल्याने मी खोलात गेलो नाही. गेम मात्र मी त्याच संध्याकाळी परत केला. काउंटरवरच्या तरुणाने विचारले, "आवडला का, सर?" मी म्हणालो, "जरा जास्तच." त्याला तो विनोद वाटला.

रविवारी सकाळी मुलगी झोपाळलेल्या डोळ्यांनी घरी आली. कानामागे केसांची एक बट जांभळी झाली होती. पत्नीने ती बोटांत धरून उजेडात नेली.

"आणि हे? हे किती वर्षांपुढच्यांसाठी असतं?"

"आई, धुतलं की जातं. सगळ्यांनी केलं."

"गेम खेळलात?" मी विचारले.

"थोडा वेळ. तिची मॉम सारखी किचनमधून ओरडत होती, 'व्हॉट्स सो फनी?' मग बोअर झालं." तिने बूट काढले, एक इकडे, एक तिकडे. "पुढच्या शनिवारी ती आपल्याकडे येतेय राहायला. चालेल ना?"

"चालेल," पत्नी म्हणाली.

"आणि बाबा, तू मध्ये मध्ये येऊन बसायचं नाही. प्लीज. पोहे केलेस तर दारातून दे."

मी कबूल केले आणि पोहे आहेत का, ते बघायला गेलो.